संत्र्याची प्रत आणि खताचे राजकारण

मेडशी-मालेगावपासून मंगरूळपीर-कारंज्यापर्यंत वाशीम जिल्ह्यातील संत्राबागांत व्यापारी येतो, साल जाड, रंग हिरवट, फळ लहान म्हणतो आणि भाव पाडतो. त्याच्यामागून तज्ज्ञ येतात आणि अडाणी शेतकरी युरियाचा मारा करतो, असा निवाडा देतात. यातले शास्त्र खरे आहे. निवाडा मात्र अन्यायाचा आहे.

नत्राचा अतिरेक झाला की झाड पाल्याने माजते, फळाची साल जाडावते आणि रंग उशिरा चढतो. पालाश कमी पडले की फळ लहान राहते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. पण शेतकरी असमतोल खत का घालतो, याचे उत्तर मातीत नसून सरकारी दरपत्रकात आहे.

३१ मार्च २०१० पर्यंत पोटॅश टनाला ४४५५ रुपये आणि युरिया ४८३० रुपये होता. म्हणजे किलोभर पालाश सुमारे साडेसात रुपयांना आणि नत्र साडेदहा रुपयांना पडे. १ एप्रिल २०१० पासून सरकारने युरियाची किंमत आपल्या हाती ठेवली. पोटॅशची कंपन्यांच्या हवाली केली. भारत पोटॅश आयात करतो, त्यामुळे जागतिक बाजाराचा प्रत्येक हेलकावा शेतकऱ्याच्या माथी आला. २०२२ साली पोटॅशची ५० किलोची गोणी १७०० रुपयांवर गेली. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना होती. पालाश किलोला सुमारे ५७ रुपये, नत्र १३ रुपये! देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण २००९-१० मध्ये ४.३:२:१ होते, २०१२-१३ मध्ये ते ८.२:३.२:१ झाले. तीन वर्षांत सारा देश अडाणी झाला काय?

‘युरिया महाग करा, समतोल आपोआप साधेल’ असे बाजारवादी सांगतात. तसे केल्यास बागाइतदार कदाचित तगेल, पण कोरडवाहू शेतकरी नत्रालाही मुकेल. समतोल साधायचा तर पालाश स्वस्त केले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. पोटॅशची विक्रीकिंमत सरकारने बांधून द्यावी. मातीबरोबर पानांचीही तपासणी तालुक्यातच व्हावी आणि तिचा अहवाल बहरापूर्वी हाती पडावा. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेला माल गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई व्हावी. हे होत नाही तोवर शेतकऱ्याला समतोलाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.