नुकसानभरपाई ही भीक नव्हे

रस्त्यावर मोटारीचा धक्का लागून एखादा मनुष्य पडला कीं पांच मिनिटांत तेथें गर्दी जमते, आणि त्या गर्दींतून एक तरी वयस्क व शहाणा म्हणविणारा गृहस्थ पुढें येऊन म्हणतो, "झालें तें झालें, आतां आपसांत मिटवून टाका." जखमी मनुष्य वेदनेनें बेजार असतो, वाहनवाला घाबरलेला असतो, आणि पोलिस चौकीची पायरी चढण्याची हौस दोघांसही नसते. दोनचार हजार रुपये हातावर पडतात, कोणी एखाद्या कागदावर सही घेतो, आणि गर्दी पांगते. महिन्याभरानें हाड वाकडें जुळल्याचें कळतें, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते, घरांतील दागिना सावकाराकडे जातो. आणि त्या वेळीं वाहनवाल्याचा पत्ता नसतो व हातीं पुरावाही नसतो. रस्त्यावरचें हें शहाणपण आमच्या समाजास किती महाग पडत आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं व ४,४३,३६६ जखमी झालीं. मेलेल्यांविषयीं चार दिवस हळहळ तरी होते. जखमींपैकीं जे जन्माचे पंगू झाले त्यांची गणना घराच्या कोपऱ्यांत होते, आणि त्यांच्या नशिबाला बोल लावून शेजारी मोकळे होतात. परंतु भरधाव टेंपो चुकीच्या बाजूनें आणणारा चालक हा कांहीं दैवाचा दूत नव्हे. त्याच्या निष्काळजीपणानें दुसऱ्याचा हात गेला तर त्या हाताची किंमत त्यानें, त्याच्या मालकानें व त्यांच्या विमा कंपनीनें चुकती करावी, हा न्याय आहे, दया नव्हे.

हा न्यायही आम्हांस एका दिवसांत लाभलेला नाहीं. अपघातांत कर्ता पुरुष गेला तर त्याचा दावाही त्याच्याबरोबर सरणावर जावा, असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक होता. तो बदलून बायकामुलांस दाव्याचा अधिकार येथें १८५५ सालच्या कायद्यानें मिळाला. पण त्यासाठीं दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षें खेटे घालावे लागत, म्हणजे ज्याच्या घरांत चूल पेटत नाहीं त्यानें आधीं खटल्याचा खर्च काढावा, असा तो प्रकार होता. १९३९ सालच्या मोटार कायद्यानें त्रयस्थासाठीं विमा सक्तीचा केला. मात्र अशा दाव्यांकरितां स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची तरतूद १९५६ सालच्या दुरुस्तीनें, म्हणजे स्वराज्यांत आमच्याच संसदेनें केली. आज चालू असलेला कायदा १९८८ सालचा असून त्यांत २०१९ सालीं मोठे फेरफार झाले. दावा अपघात झाला तेथेंच लावला पाहिजे असें नाहीं; जखमी मनुष्य जेथें राहतो वा धंदा करतो तेथेंही तो लावतां येतो. फौजदारी खटल्याप्रमाणें निःसंशय पुराव्याचाही येथें आग्रह नसतो. कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे एवढें दाखविलें म्हणजे पुरतें. इतकी सोपी केलेली वाट लोकांस ठाऊक नाहीं, आणि ज्यांस ठाऊक आहे तेही पहिल्याच आठवड्यांत ती स्वतःच्या हातानें बुजवून टाकतात.

हें कसें घडतें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. दावा वकील न्यायालयांत उभा करतो, असा सर्वत्र समज आहे. वकिलीचा अनुभव असल्यामुळें आम्ही खात्रीनें सांगतों कीं, हा समज खोटा आहे. दावा उभा राहतो तो रुग्णालयाच्या केसपेपरावर, आणि तोही बहुधा पहिल्या तासाभरांत. जखमीस आणणारा भाऊ किंवा शेजारी, पोलिसांची कटकट नको म्हणून, डॉक्टरांस "गाडीवरून घसरून पडला" असें सांगतो. डॉक्टर तें लिहून घेतात. पुढें वर्षभरानें विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढें ठेवून विचारतो कीं, आमच्या ट्रकचा यांत संबंध काय? ती एक ओळ खोडून काढतांना भल्याभल्यांची दमछाक झालेली आम्हीं पाहिली आहे. म्हणून कोणत्या वाहनानें, कोठें व कशा रीतीनें धडक दिली तें पहिल्याच वेळीं खरें सांगावें, वाहनाचा नंबर ठाऊक असल्यास तोही लिहवावा, आणि एमएलसी म्हणून जी पोलिसी नोंद होते ती झाली कीं नाहीं याची विचारपूस करावी. खर्चाच्या भीतीनें खोटें सांगण्याचें कारणही आतां उरलेलें नाहीं. मे २०२५ मध्यें निघालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनें अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख न भरतां उपचार मिळण्याची सोय केली आहे.

फिर्याद देण्यास उशीर झाला म्हणून दावा बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सांगितलें आहे. जखमीस वांचवावयाचें कीं चौकीवर धांवावयाचें, हा विवेक न्यायालयासही आहे. पण उशिराचें कारण खरें असावें. साक्षीदाराचें नांव व पत्ता त्याच दिवशीं टिपून ठेवावा. जखमीस मदत करणाऱ्यास पोलिसांनीं छळूं नये यासाठीं २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत स्वतंत्र कलमच घातलें आहे. तेव्हां "साक्षीच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं" हें पांढरपेशांचें आवडतें पालुपद आतां निव्वळ भित्रेपणाचें लक्षण समजावें. पोलिसांवरही कर्तव्य आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें त्यांनीं अपघाताची पहिली खबर ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरतां येतो. नियम उत्तम आहे. पण नियम स्वतःच्या पायांनीं चालत नसतो. घरच्या मंडळींनीं चौकीवर जाऊन त्याची नक्कल मागितली पाहिजे.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस चार कडू शब्द ऐकविणें भाग आहे. भरपाई मोजली जाते ती बुडालेल्या उत्पन्नावर, आणि उत्पन्न सिद्ध होतें तें कागदावर. दुकानदार म्हणतो, "महिना चाळीस हजार सुटत होते." मग आयकराचें विवरणपत्र काढा म्हटलें कीं त्यांत निराळाच आंकडा निघतो. सरकारास एक उत्पन्न व न्यायाधिकरणास दुसरें, असें दुटप्पी गणित मांडणारास न्यायाधीशानें कां विश्वासावें? कर चुकवून वांचविलेला पैसा अपघाताच्या दिवशीं व्याजासकट परत जातो. जो शिंपी, सुतार वा रिक्षावाला कराच्या कक्षेंतच येत नाहीं त्याची गोष्ट वेगळी; तरी त्यानेंही रोजची कमाई वहींत लिहावी, थोडीबहुत बँकेंत भरावी, गिऱ्हाइकांनीं मोबाईलवरून दिलेल्या पैशांचा हिशेब जपून ठेवावा. औषधाची चिठ्ठी, रुग्णालयाचें बिल, टांग्यापासून मोटारीपर्यंतच्या भाड्याची पावती, शुश्रूषेस ठेवलेल्या बाईचा पगार, यांतला एकही कागद फेकूं नये. जखमेवरची पट्टी उरत नाहीं, कागद उरतो.

याचा परिणाम किती होतो तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, ३४ वर्षांच्या एका शिंप्याचा उजवा हात चिरडला. महिना १५,००० रुपयांची कमाई त्यानें सिद्ध केली, तर वर्षाचे १,८०,००० झाले. सरला वर्मा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं वयाप्रमाणें गुणक ठरवून दिले, त्यांत ३१ ते ३५ या वयास १६ हा गुणक आहे. म्हणजे एकूण कमाई २८,८०,००० धरली जाईल. डॉक्टरांच्या दाखल्यांत अपंगत्व ४० टक्के लिहिलें आहे. तेवढ्यावरच थांबलें तर भावी कमाईची भरपाई ११,५२,००० होते. पण २०१० सालच्या एका महत्त्वाच्या निवाड्यांत त्याच न्यायालयानें बजावलें आहे कीं, शरीराचें अपंगत्व किती टक्के हा प्रश्न एक, आणि त्या मनुष्याची कमाईची शक्ति किती टक्के गेली हा प्रश्न दुसरा. डावा हात गेलेला कारकून नोकरींत राहूं शकेल. सुताराचें वा चालकाचें मात्र सर्वस्व जाईल. आमच्या शिंप्याच्या वकिलानें डॉक्टरांस साक्षीस बोलावून "या बोटांनीं कात्री धरतां येईल काय?" एवढाच प्रश्न विचारला, आणि न्यायाधिकरणानें कमाईची हानि ८० टक्के धरली, तर रक्कम २३,०४,००० होते. उलट कमाईचा पुरावा नाहीं म्हणून अंदाजानें महिना ८,००० धरले व दाखल्यावरचे ४० टक्केच कायम राहिले, तर त्याच हाताचे ६,१४,४०० रुपये होतात. हात एकच आणि कायदाही एकच! भावी वाढीची रक्कम, उपचारांचा खर्च व यातनांची भरपाई यांत धरलेलीच नाहीं. तात्पर्य, दाखला उपचार केलेल्या डॉक्टरांचा किंवा वैद्यकीय मंडळाचा असावा, उपचार पुरे झाल्यावर घ्यावा, आणि त्या डॉक्टरांनीं साक्षीस यावें. पैसे घेऊन टक्के वाढवून देणाऱ्यांचे दाखले न्यायालयें ओळखतात. अशा दाखल्यामुळें खऱ्या जखमेवरही अविश्वास बसतो.

मुदतीचा प्रश्न मात्र आम्हांस अन्यायाचा वाटतो. १९९४ च्या दुरुस्तीनें मुदतीचें बंधन काढून टाकण्यांत आलें होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें तें पुन्हां घातलें, आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा असें कलम अमलांत आलें. मांडीचें हाड मोडून सहा महिने खाटेवर पडलेल्या मजुरानें कायद्याचें पुस्तक केव्हां उघडावें, हें संसदेच्या ध्यानांत आलें नसावें. या मुदतीच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. परंतु त्याच्या भरंवशावर कोणींही स्वस्थ बसूं नये. तसेंच चूक कोणाची हें न पाहतां गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे खरी, पण त्या वाटेनें विमा कंपनीनें देऊं केलेली रक्कम एकदां स्वीकारली म्हणजे न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपतो, हें जाणून मगच सही करावी. धडक देऊन पळालेलें वाहन सांपडलेंच नाहीं तर तहसील कचेरींत चौकशी करावी. तेथें गंभीर जखमीस ५०,००० रुपये व मृताच्या वारसांस दोन लाख मिळण्याची योजना आहे.

राहतां राहिली आमच्याच धंद्याची गोष्ट. रुग्णालयाच्या दाराशीं घिरट्या घालणारे दलाल व त्यांच्या आडून "मिळेल त्यांत निम्मे माझे" असा सौदा करणारे वकील, हें चित्र आम्हांस लाजविणारें आहे. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास व दाव्याच्या रकमेंत वांटा घेण्यास वकिलांच्या परिषदेच्या नियमांनींच मनाई केली आहे. पक्षकारानें असा सौदा मुळींच पत्करूं नये. स्त्रियांस त्यांच्या उत्पन्नाचा विचार न करतां, आणि गरीब पुरुषांसही, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो; ही कचेरी बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारांतच असते. घरचा कर्ता अंथरुणास खिळल्यावर धांवपळ करणारी बहुतेक ठिकाणीं त्याची पत्नीच असते, आणि तिलाच हें कोणी सांगत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक नगरपालिकेनें आपल्या रुग्णालयाच्या अपघात विभागांत शुद्ध व सोप्या मराठींत छापलेलें एक पान ठेवावें. केसपेपरांत काय लिहवावें, कोणते कागद जपावे, पोलिसांकडून कोणत्या नकला मागाव्या, मुदत किती आणि फुकट वकील कोठें मिळतो, एवढेंच त्यावर असावें, व तें जखमीबरोबर आलेल्या पहिल्या मनुष्याच्या हातीं द्यावें. खर्च एका कागदाचा आहे. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असतांना हें पान इंग्रजींत छापण्याचें कारण नाहीं. व्यापारी मंडळांनीं मनावर घेतलें तर नगरपालिकेच्या ठरावाची वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. बाजारपेठेंतील दहा दुकानदार मिळून वर्षभर पुरतील एवढीं पानें छापून देऊं शकतील.