मेट्रो आली, भाडं वाढलं. मग मेट्रोने जायचं कुणी?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांनी घर भाड्याने दिलंय आणि जे भाड्याने राहतात, त्या दोघांनीही शेवटपर्यंत वाचा.

कोथरूडला आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचा एक जुना वन बीएचके आहे. लिफ्ट नाही, दुसरा मजला. चार वर्षं एक जोडपं राहतंय. ती रूबी हॉल स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स, तो पिंपरीला कामाला. ती थेट जाते, तो सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलतो. घरातल्या दोन गाड्यांपैकी एक त्यांनी विकूनही टाकली.

करार संपत आला तसा एजंटचा फोन. "काका, १८ हजारात कसलं देताय? मेट्रोजवळचं घर आहे. २३ हजाराला उद्या लावून देतो. फक्त जुन्या पार्टीला खाली करायला सांगा."

खोटं कशाला बोलू, मन हललं. महिन्याला पाच हजार जास्त कुणाला नकोत? पेन्शनीत माणसाला तेवढेही मोठे वाटतात.

पण मग कागद-पेन घेऊन बसलो. ११ महिन्यांत जास्तीचे ५५ हजार. आता खर्च. घर एक महिना तरी रिकामं राहणार, २३ हजार गेले. रंग आणि नळाची कामं, माझ्या अंदाजाने २२ हजार. एजंटचं अर्ध्या महिन्याचं, साडेअकरा हजार. बेरीज ५६ हजार ५००. म्हणजे पहिल्या वर्षी हातात काही नाहीच, वर दीड हजार खिशातून. दुसऱ्या वर्षापासून फायदा दिसेल, हे मान्य. पण नवी पार्टी दुसऱ्या वर्षी राहील याची खात्री कोण देतं? आणि चार वर्षांत एकदाही भाडं न चुकलेली माणसं घालवायची, त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

शेवटी त्यांना बोलावलं आणि ३६ महिन्यांचा करार केला. दरवर्षी ५ टक्के वाढ, तीही करारातच लिहून. पहिल्या वर्षी १८,९००, दुसऱ्या वर्षी १९,८४५, तिसऱ्या वर्षी २०,८३७. ती म्हणाली, "काका, आम्ही नऱ्ह्याला घर बघायला लागलो होतो." नऱ्ह्याला गेले असते तर मेट्रो सुटली असती आणि विकलेली गाडी परत घ्यावी लागली असती.

हे ऐकून मी विचारात पडलो. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये रूबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट जोडलं गेलं. खोदकामाची धूळ सगळ्यांनी खाल्ली, पैसा सगळ्यांच्या करातून गेला. आणि स्टेशन झाल्यावर ज्याला मेट्रोची खरी गरज, तोच भाड्यापायी लांब फेकला जाणार. त्याच्या जागी येणाऱ्याकडे दोन चारचाकी असतील. मग आपणच म्हणणार, मेट्रो होऊनही ट्रॅफिक काही कमी होत नाही!

आता थोडं कायद्याचं. भाडं नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूंना वर्षाला ४ टक्के वाढीची मर्यादा आहे. लिव्ह अँड लायसन्सला अशी मर्यादा नाही. तिथे कागदावर लिहाल तेच खरं. म्हणून कागद नीट करा.

"११ महिन्यांचाच करार करायचा असतो," हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. एक वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी टाळता येते, या समजुतीतून ती पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवायलाच हवा. जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मग दरवर्षी एजंटच्या दारात जायचं कशाला? दोन-तीन वर्षांचा एकच करार करा, वाढीचा टक्का त्यातच लिहा.

मालकांना भीती असते की माणूस घर सोडणारच नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये सोय आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि ताबा मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

घर शोधणाऱ्यांसाठी, अनुभवाचे चार शब्द:

– स्टेशनच्या दारातलं घर सोडा. दहा-बारा मिनिटं चालायची तयारी ठेवा. वाटेत फुटपाथ आहे का, ते रात्री आठ वाजता स्वतः चालून बघा.
– लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्या बघा. तिथे वॉचमन, किराणावाले, दूधवाले यांना विचारा. माझ्यासारखे मालक ॲपवर नसतात.
– पहिलं भाडं घासाघीस करून पाचशेने कमी कराल, पण पुढच्या वर्षीची वाढ विचाराल का? ती आधी विचारा आणि लिहून घ्या.
– लॉक-इन आणि नोटिशीचा काळ दोघांनाही सारखा आहे ना, ते वाचूनच सही करा.

आणि हे सगळं मालकांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बिल्डरला ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. हा वाढीव एफएसआय ज्या मेट्रोमुळे मिळतो, ती आपल्या पैशातून झाली. मग त्या बदल्यात काही छोटी घरं ठरलेल्या भाड्याने आणि ठरलेल्या वाढीने द्या, ही मागणी आपण का करत नाही? नगरसेवक दारात येतात तेव्हा आपण पाणी आणि खड्डे विचारतो. या वेळी भाड्याच्या घरांचंही विचारा.

मी काही फार मोठं केलं नाही, हिशेब केला आणि तो जुळला. तुम्हीही एकदा करून बघा.

तुमचं घर कुठल्या स्टेशनजवळ आहे आणि या वर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढलं, ते खाली लिहा. मालक असाल तरी लिहा. नावं नकोत, फक्त आकडे. चित्र आपल्यालाच कळेल.