लुळा हात आणि विजेचे दोन उपयोग

मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली, तर खांदा उचलता येतो, कोपर वाकवता येते, पण बोटे मिटत नाहीत आणि कोपर जोराने सरळ होत नाही. हात तोंडापर्यंत जातो, पण त्यात चमचा धरता येत नाही. किम अँडरसन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६८१ मज्जारज्जूबाधितांना विचारले होते की, कोणती क्षमता परत मिळाली तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हातपाय दोन्ही बाधित असलेल्यांपैकी ४८.७ टक्क्यांनी हाताची हालचाल हेच उत्तर दिले. चालणे त्यांच्या क्रमवारीत बरेच खाली होते. 

हातासाठी विजेचा वापर अमेरिकेत दोन वेगळ्या मार्गांनी झाला. दोन्हींना विद्युत उद्दीपन असेच म्हटले जात असल्याने रुग्णाची आणि कधीकधी थेरपिस्टचीही गल्लत होते. पहिल्या मार्गात वीज स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करून स्नायूला थेट आकुंचित करते. यंत्र बंद होताच पकडही सुटते. दुसऱ्या मार्गात ती मज्जारज्जूला जागे ठेवते, हालचाल रुग्णाने स्वतः करायची असते.

पहिल्या मार्गाचे माहेर क्लीव्हलँड. तेथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पी. हंटर पेकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ‘फ्रीहँड’ प्रणाली १९८६ साली प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवली गेली आणि १९९७ साली तिला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, मान्यता मिळाली. छातीच्या त्वचेखाली उद्दीपक, तेथून हाताच्या स्नायूंपर्यंत गेलेले आठ इलेक्ट्रोड, आणि नियंत्रणासाठी विरुद्ध बाजूचा खांदा अशी तिची रचना होती. खांदा हलवला की मूठ हळूहळू मिटे किंवा उघडे. किल्ली वा काटा धरण्यासाठी अंगठा व तर्जनीच्या कडेची चिमट आणि पेला धरण्यासाठी पूर्ण मूठ, अशा दोन पकडी मिळत. सुमारे २५० जणांना ही प्रणाली बसवली गेली. तिच्यामुळे अनेकांना विशेष पट्टे-साधने न लावता जेवता आणि लिहिता येऊ लागले. तरीही २००१ च्या सुमारास न्यूरोकंट्रोल या कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. त्यामागे वैद्यकीय अपयश नव्हते, मागणी कमी पडली होती. शरीरात यंत्र राहिले आणि ते बनवणारा मागे उरला नाही, अशी वेळ वापरकर्त्यांवर आली. म्हणून नवे यंत्र सुचवताना दुरुस्ती, सुटे भाग आणि कंपनी बंद पडल्यास पुढची जबाबदारी यांची लेखी माहिती रुग्णाला आधी मिळायला हवी.

पुढे २०१६ मध्ये ओहायोतील आणि २०१७ मध्ये क्लीव्हलँडमधील गटांनी मेंदूच्या चालक भागात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून इच्छा वाचून त्याच हाताच्या स्नायूंना वीज दिली. हे प्रयोग थोर आहेत, पण प्रत्येकी एकाच व्यक्तीवरचे. चिकित्सालयाच्या दारापर्यंत ते अजून आलेले नाहीत.

दुसरा मार्ग मात्र दारापर्यंत आला आहे. मानेच्या मागच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून दिलेला प्रवाह मुख्यतः मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी मुळांना उद्दीपित करतो. त्यामुळे चालक पेशी सक्रिय होण्याच्या उंबरठ्याजवळ येतात आणि इजेतून वाचलेल्या थोड्या तंतूंमधून येणारा मेंदूचा क्षीण आदेशही पुरेसा ठरतो. म्हणूनच हे उद्दीपन सरावाबरोबर द्यायचे असते. नुसते लावून ठेवण्यात अर्थ नाही. सिएटलचे चेट मोरिट्झ आणि अटलांटाच्या एडेल फील्ड-फोट यांच्या सहभागाने झालेल्या ‘अप-लिफ्ट’ चाचणीचे निष्कर्ष मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेसह चार देशांतील १४ केंद्रांत आधी दोन महिने नेहमीचे पुनर्वसन आणि मग दोन महिने पुनर्वसनासोबत उद्दीपन, असा क्रम होता. ६० जणांपैकी ७२ टक्क्यांमध्ये ताकद आणि कार्यक्षमता दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सुधारणा दिसली. काहींची इजा तीन दशकांहून जुनी होती. यंत्राशी संबंधित गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने सी-२ ते सी-८ पातळीच्या जुन्या, अपूर्ण इजेसाठी या यंत्राला परवानगी दिली. चाचणीत खोटे उद्दीपन दिलेला तुलनागट नव्हता, त्यामुळे वाढलेल्या सरावाचा आणि अपेक्षेचा वाटा किती हे तिच्यातून वेगळे काढता येत नाही. पहिल्या दोन महिन्यांचा टप्पा हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे.

कोणता मार्ग कोणासाठी, हे तपासणीनेच ठरते. इजेच्या नेमक्या पातळीवर चालक पेशी स्वतः मेलेल्या असतात; त्यांच्याकडून चेतातंतू मिळणारे स्नायू नेहमीच्या २०० ते ३०० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाला आकुंचित होत नाहीत. स्पंद देऊन आकुंचन पाहण्याची ही साधी चाचणी वगळून आठवडेच्या आठवडे उद्दीपन देणे म्हणजे रुग्णाची आशा खर्ची घालणे. अशा स्नायूंसाठी कंडरा-स्थलांतराचा, म्हणजे काम करणाऱ्या स्नायूची कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी जोडण्याचा, विचार आधी व्हावा. थेट उद्दीपनात मोठे, लवकर थकणारे तंतू आधी जागे होतात, म्हणून पकड काही मिनिटांत ढिली पडू शकते; स्पंदांची वारंवारता कमी ठेवणे आणि मध्ये विश्रांती देणे भाग आहे. संवेदना नसलेल्या त्वचेवर भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. शिवाय मानेच्या इजेत मूळ रक्तदाबच कमी असतो; तो २० ते ४० मिलिमीटरने वाढून डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, तर उद्दीपन लगेच थांबवून रुग्णाला बसते करावे आणि तुंबलेले मूत्राशय किंवा दुसरे कारण शोधावे.

मोजमापात दोन मार्गांचा फरक पाळला गेला पाहिजे. स्नायूवरील यंत्राचा गुण ते चालू असताना मोजायचा. मज्जारज्जूवरील उद्दीपनाचा गुण यंत्र चालू असताना, ते बंद केल्यावर आणि उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांनी, असा तीनदा मोजायचा, तोही त्याच प्रमाणित चाचणीने आणि शक्यतो उपचार न देणाऱ्या दुसऱ्या थेरपिस्टकडून.