वार, जखम आणि कथेची लांबी

लढाईचे नियम बदलून पाहणे, आणि तीही खऱ्या नव्हे तर टेबलाभोवती बसून कल्पिलेल्या लढाईचे, हा कित्येकांना पोरखेळ वाटेल. आम्हांस तो समीक्षेचाच एक प्रकार वाटतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात चारपाच जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतात, एक जण निवेदक होतो (खेळाच्या परिभाषेत त्याला डंजन मास्टर म्हणतात), आणि सगळे मिळून महिनोन्‌महिने एक अद्भुतकथा रचत जातात. कुठे पेच पडला, की फासा टाकायचा. कथेचा मोठा भाग बोलण्यातून घडतो. मात्र तलवार उपसली गेली, की बोलणे थांबते आणि नियम सुरू होतात. म्हणजेच या कथेत कोण मरेल, केव्हा आणि कशाने, हे बव्हंशी नियम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. एखाद्या साहित्यप्रकाराचे व्याकरण याहून वेगळे काय असते?

या व्याकरणाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन युद्धखेळाचे पुस्तक १९७१ साली निघाले. त्यात शिपायांच्या छोट्या मूर्ती मांडून सैन्ये लढवायची असत आणि साधा शिपाई एका घावात गारद होई. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हाही लढाईसाठी मुळात 'चेनमेल'च वापरावे अशी अपेक्षा होती. वीस बाजूंचा फासा टाकून वार लागला की नाही हे पाहण्याची पद्धत त्या पुस्तिकांत 'पर्यायी' म्हणून दिलेली होती. आज जी पद्धत या खेळाची ओळख मानली जाते, ती अशी मागच्या दाराने आत आली. त्यामुळे मूळ नियमांच्या पावित्र्याविषयी कोणी बोलू लागला, की आम्हांस गंमत वाटते. हा खेळ पाठभेदातूनच जन्मला आहे.

याच घडामोडीत 'हिट पॉइंट' रूढ झाले. पात्रापाशी काही अंक असतात, प्रत्येक घावागणिक ते घटतात, आणि शून्य झाले की पात्र कोसळते. ही कल्पना आपण अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या एका खेळासाठी आधी केलेल्या नियमांतून घेतली, असे आर्नेसन यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले होते. खेळणाऱ्यांना आपल्या पात्रांचा जीव जडू लागला होता. एका घावात ती मेलेली त्यांना नको होती. जहाज हळूहळू बुडते, तसा वीरही हळूहळू मरावा! माणसाच्या देहावर बेतलेले हे रूपकच नव्हे. पण त्याने कथेला लांबी दिली, हे मान्य करावे लागेल.

पुढे आक्षेप आलेच. दहा घाव खाऊनही जो तितक्याच जोमाने लढतो, तो माणूस कसला? गायगॅक्स यांनी १९७९ च्या निवेदकांसाठीच्या पुस्तकात याला उत्तर दिले: हे अंक निव्वळ रक्तामांसाचे नाहीत, त्यांत कौशल्य, नशीब, दैवी कृपा असे सगळे मिसळलेले आहे. उत्तर चतुर आहे, आणि त्या काळच्या नियमांत ते शोभतही होते, कारण तेव्हा लढाईची एक फेरी म्हणजे एक मिनिट. त्या मिनिटात हुलकावण्या, चढाया, माघारी असे बरेच काही घडले असे गृहीत धरायचे. फाशाचे दान हा त्या साऱ्याचा सारांश. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली. कथनशास्त्रात आपण सारांश आणि दृश्य असा जो भेद शिकवतो, तो इथे नेमका उपयोगी पडतो. मिनिटाची फेरी सारांश होती, सहा सेकंदांची फेरी दृश्य झाली. सारांशात 'तो दमत चालला' हे खपून जाते. दृश्यात तलवार लागली म्हणजे कुठे लागली, हे सांगावेच लागते. अंक तेच राहिले, पण कथनाची गती बदलल्याने ते खोटे वाटू लागले. वाद देहाविषयी आहे असे सगळे समजत होते. आमच्या मते तो निवेदनाच्या गतीविषयी होता.

पर्याय अनेकांनी दिले. १९७८ साली आलेल्या 'रूनक्वेस्ट'मध्ये घाव डोक्यावर, हातावर की पायावर बसला हे ठरते, चिलखत घावाचा जोर शोषून घेते, आणि वीर कितीही अनुभवी झाला तरी त्याचा देह फारसा कणखर होत नाही. त्याचे एक कर्ते स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन पद्धतीच्या लुटुपुटुच्या लढायांत स्वतः उतरत असत. त्याची खूण या नियमांत दिसते. २००४ च्या 'अनअर्थ्ड अर्काना' या पर्यायी नियमांच्या संग्रहात आणखी एक तोड आहे: दमाचा साठा वेगळा आणि जखमांचा वेगळा. साधा वार दम घटवतो, पण मर्मी बसलेला वार थेट देहावर जातो.

आम्ही काही जणांनी या शेवटच्या नियमाची सोपी आवृत्ती करून ती खेळून पाहिली. ठरवले एवढेच, की विसाचे दान पडले, तर घाव सरळ देहावर. आधी एक पूल, त्यावर गॉब्लिनांची टोळी आणि आमची पाच पात्रे, अशी एकच लढाई जुन्या आणि नव्या नियमाने खेळलो. नवा नियम सर्वांना आवडला. श्वास रोखले जात होते, प्रत्येक फाशाकडे डोळे लागत होते. बहुतेक ठिकाणी चाचणी इथेच संपते आणि नियम उत्तम ठरतो.

पण थोडे गणित करून पाहावे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडण्याची शक्यता ५ टक्के. एका बैठकीत तीन चकमकी झाल्या आणि प्रत्येकीत एका नायकावर आठ वार झाले, तर एकूण वार २४. त्यांतला एक तरी मर्मी बसण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. गॉब्लिनावर मात्र उभ्या आयुष्यात तीनच वार होतात. त्याच्यापुरती ही शक्यता १४ टक्के. नियम दोघांना सारखाच लागू आहे, तरी तो सारखा नाही. शत्रू एका प्रकरणापुरता येतो आणि नायक प्रत्येक प्रकरणात असतो, म्हणून कथेतील सर्वाधिक फासे त्याच्यावरच पडतात. नियम जितका लहरी, तितका तो नायकाच्या विरुद्ध. हे एका लढाईत कळत नाही, जसे एका प्रकरणावरून कादंबरीचे कळत नाही.

म्हणून आम्ही सहा बैठका खेळलो. पात्रे मेली, त्याचे आम्हांस विशेष वाटले नाही. लक्षात राहिले ते निराळेच. तिसऱ्या बैठकीपासून नवी पात्रे बिनभूतकाळाची येऊ लागली. पहिल्या पात्राला गाव होते, रुसून बसलेली बहीण होती, एका सावकाराचे देणे होते. त्याच खेळाडूचे तिसरे पात्र म्हणजे नुसते 'धनुर्धारी'. पुढच्या विसाला जो जाणार, त्याला आई कशाला द्यायची? वास्तव वाढावे म्हणून नियम आणला आणि माणसेच पुसट होत गेली.

तरीही 'मग जुनेच बरे' हा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. जुन्या नियमात नायक टिकतो, पण शेवटचा अंक जाईपर्यंत त्याला कशाचे भय नसते, आणि निर्भय पात्राला निवडही करावी लागत नाही. नव्या नियमात आमच्या एका खेळाडूने प्रथमच पुलापलीकडच्या टोळीशी बोलणी करून पाहिली. 'रूनक्वेस्ट'च्या जगात शरण जाण्याची आणि खंडणी देऊन सुटण्याची रीत आहे, ती उगाच नव्हे. देह नाजूक असेल तर लढाईतून बाहेर पडायला मरणाखेरीज दुसरी वाट हवीच. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष युद्धाचे नियम ठरवतात, त्यांतही पळणाऱ्यावर, शस्त्र गमावलेल्यावर वार करू नये असे आहेच. ते नियम पुढे मोडले जातात आणि महाभारत त्या प्रत्येक मोडण्याचा हिशेब ठेवते. आमच्या टेबलावर घावाचा हिशेब होता. शरणागताचे काय, याला नियमच नव्हता.

पाचव्या आवृत्तीपूर्वी, २०१२-१३ या काळात, प्रकाशकांनी नियमांचा खर्डा लोकांना खुला करून मोठी जाहीर चाचणी घेतली आणि प्रश्नावल्यांतून मते मागवली. उपक्रम स्तुत्यच. मात्र प्रश्नावलीतून समाधान मोजता येते. सहाव्या बैठकीला पात्राला बहीण उरली होती का, हे तीत सहसा विचारलेले नसते. साहित्याच्या अभ्यासकाने या टेबलाशी बसावे ते यासाठी. फाशांचे गणित करणारे तिथे पुष्कळ आहेत.

आमच्या नियमाला आता दोन पुरवण्या जोडल्या आहेत: मर्मी घाव बसलेल्याला शरण जाता येईल, आणि शरण आलेल्याला मारले तर ती वार्ता पुढच्या गावी नायकांच्या आधी पोहोचेल. चाचणी दहा बैठकांची ठरली आहे, आणि या खेपेस निवेदकाने गॉब्लिनांनाही नावे द्यायची आहेत.