हसवणारे शब्द आणि फसवणारे शब्द

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाची डच भाषेशी पहिली गाठ बहुधा विनोदातून पडते. बॅगा उघडायच्या आधीच कोणीतरी जुनाजाणता त्याला सांगून मोकळा होतो, की इथे ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ नव्हे, हुशार. ‘मिस्त’ म्हणजे धुकं, ‘राम्प’ म्हणजे आपत्ती, ‘पेट’ म्हणजे टोपी. इंग्रजी ‘बिग’ची अक्षरं दिसली तर ते डुकराचं पिल्लू आणि ‘रूम’ची दिसली तर ती साय. दवाखान्यात ‘मॉन्स्टर’ मागितला तर दचकायचं नाही, मुकाट्याने नमुन्याची बाटली पुढे करायची. ‘वी’ म्हणजे आम्ही नव्हे, कोण. आणि ‘हू’ म्हणजे कोण नव्हे, कसं. ‘आप’ म्हणजे माकड, ही माहिती दिल्ली-लखनौकडच्या मित्रांना पुरवताना तर आपल्या चेहऱ्यावर वेगळंच तेज येतं.

ही यादी व्हॉट्सॲपवर फिरते आणि गणपतीच्या कार्यक्रमात निवेदकाला हमखास टाळ्या मिळवून देते. टाळ्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती या यादीतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. डच म्हणजे जरासं वाकडं झालेलं इंग्रजी, चार-दोन गमतीचे अपवाद पाठ केले की भागलं, असा आपला समज होतो. मला नेमकं उलट वाटतं. जे शब्द हसवतात ते फसवत नाहीत, आणि जे फसवतात त्यांच्यावर कोणी हसत नाही. त्या दुसऱ्या शब्दांपासून वाचायचं असेल तर डचकडे इंग्रजीमार्फत जाणं सोडायला हवं. आपल्याला त्याहून जवळची वाट आहे, मराठीची.

आधी हसवणाऱ्या शब्दांबद्दल. ते निरुपद्रवी असतात, कारण प्रसंगच त्यांना सावरून घेतो. स्ट्रॉबेरीवर घालायच्या सायीच्या डब्यात कोणी खोली शोधत नाही. हवामानाच्या बातमीत ‘मिस्त’ ऐकून काहीतरी चुकलं असेल असं कोणी समजत नाही. अर्थ इतका विजोड असतो की आपण थांबतो, विचारतो, हसतो आणि तो शब्द कायमचा लक्षात राहतो.

फसवणारा शब्द वेगळ्या जातीचा असतो. त्याचा इंग्रजी अर्थ घेतला तरी वाक्य सुरळीत लागतं, म्हणून थांबायचं कारणच पडत नाही.

शाळेतली पालकभेट घ्या. प्राथमिक शाळांत तिला ‘दहा मिनिटांची भेट’ असंच म्हणतात. आपल्याला डच येत नाही हे पाहून शिक्षिका इंग्रजीत बोलते आणि हसतहसत सांगते, की तुमचा मुलगा वर्गात थोडा ‘ब्रूटल’ आहे. आईबापांच्या पोटात गोळा येतो. कोणाला मारलं? रक्त आलं का? शिक्षिकेच्या मनातला शब्द असतो ‘ब्र्युताल’, म्हणजे आगाऊ, उलट उत्तरं देणारा. याउलट शेजारच्या मुलीला ती ‘ब्रेव्ह’ म्हणते, तेव्हा तिला म्हणायचं असतं ‘ब्राफ’, म्हणजे गुणी, सांगितलेलं ऐकणारी. झोपाळ्यावर बसायलाही घाबरणारी आपली लेक शूर कधीपासून झाली, याचा विचार करत तिचे आईबाप घरी जातात. दहा मिनिटांत ही चूक दुरुस्त होत नाही, कारण चूक झाली हेच दोन्ही बाजूंना कळलेलं नसतं.

ऑफिसात तर याहून सफाईने फसगत होते. डच मॅनेजर इंग्रजीत मेल लिहितो: ‘इव्हेंच्युअली आपण रिलीज गुरुवारी करू.’ पुण्यातली टीम वाचते आणि सुटकेचा निःश्वास टाकते, की ठरलं एकदाचं, शेवटी गुरुवार. पण डच ‘एव्हेंट्युएल’चा अर्थ आहे ‘झालंच तर’, ‘गरज पडली तर’. साहेबांनी नुसती शक्यता बोलून दाखवलेली असते आणि तिकडे दोघांनी रजा पुढे ढकललेली असते. तोच मॅनेजर ‘ॲक्च्युअल’ दरपत्रक पाठवतो म्हणतो तेव्हा त्याला ‘सध्याचं’ म्हणायचं असतं. आपल्याला प्रश्न पडतो, की मग आधी पाठवलं ते खोटं होतं का? तो तुमचं काम ‘कंट्रोल’ करणार असेल तर रागावू नका. तो फक्त तपासणार आहे.

पैशाच्या व्यवहारात ‘रेंते’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा. दिसायला तो इंग्रजीतल्या घरभाड्यासारखा, पण अर्थ व्याज. भाड्याला शब्द आहे ‘ह्यूर’. बँकेच्या पत्रात ‘रेंते’ वाढल्याचं वाचून घरमालकाला फोन लावला, तर तोही चक्रावतो आणि आपणही.

आणि वेळ! डच ‘हाल्फ द्री’ म्हणजे अडीच. इंग्लंडमध्ये त्याच शब्दांनी साडेतीन समजतात. नळ दुरुस्त करणारा डच माणूस इंग्रजीत ‘हाफ थ्री’ला येतो म्हणाला, तर तो अडीचला येऊन घंटी वाजवून निघून गेलेला असतो.

या गोंधळात डच माणसं कमी नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीला त्यांच्याकडे ‘दगडी कोळशाचं इंग्रजी’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदरातले कामगार कोळशाच्या इंग्रजी बोटींवरच्या खलाशांशी जी भाषा बोलत, तिच्यावरून हे नाव पडलं. मार्टन रेइकन्स यांनी डच साहेबलोकांच्या इंग्रजीतल्या अशा चुका गोळा करून २००५ साली एक छोटं पुस्तक काढलं आणि ते भरपूर खपलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो ‘मला माझं पाप नेहमी मिळतं’. लेखकाच्या मनातलं डच वाक्य मात्र ‘मी नेहमी माझ्या मनासारखं करून घेतो’ असं साधं आहे. डचमध्ये ‘झिन’ म्हणजे इच्छा. इंग्रजीत आली आणि तिचं पाप झालं. उद्योजकाला ‘ओंदरनेमर’ म्हणतात. त्याचे तुकडे करून इंग्रजी केलं की ‘अंडरटेकर’ होतो, आणि आमचा देश उद्योजकांचा आहे असं अभिमानाने सांगणारा माणूस प्रत्यक्षात आमचा देश अंत्यविधी करणाऱ्यांचा आहे असं सांगून बसतो.

असं का होतं? डच आणि इंग्रजी या एकाच घरातल्या भाषा, म्हणून. दूरची भाषा फसवत नाही. जपानी ऐकून कोणाचा गैरसमज होत नाही, काहीच समज होत नाही. फसवते ती जवळची. हा धडा आपण हिंदीकडून शिकलेलो आहोत. हिंदी माणसाला ‘शिक्षा’ हवी असते आणि आपण ती टाळत असतो; तो ‘चेष्टा’ करतो म्हणजे प्रयत्न करतो, आपण करतो तेव्हा समोरचा चिडतो. डच-इंग्रजीत शब्दांची ये-जाही पुष्कळ झाली. बॉस, कुकी, यॉट हे इंग्रजीने डचकडून घेतलेले शब्द. चित्रकाराच्या ‘ईझल’मागे डच ‘एझल’, म्हणजे गाढव आहे. खुद्द ‘स्लिम’ इंग्रजीत सतराव्या शतकात डचमधूनच गेला. मूळचा अर्थ वाकडा, वाईट. डचमध्ये तो लबाडीवरून हुशारीवर आला आणि इंग्रजीत कमरेपाशी जाऊन थांबला.

पण ‘एव्हेंट्युएल’ आणि ‘अक्ट्युएल’चं प्रकरण निराळं आहे, आणि माझ्या मुद्द्याला तेच जास्त उपयोगी. हे शब्द लॅटिन-फ्रेंचमधून आलेले. फ्रेंच, जर्मन, डच या तिन्ही भाषांत त्यांचा अर्थ ‘शक्य असलेलं’ आणि ‘सध्याचं’ असाच आहे. वाट सोडून गेली ती इंग्रजी. म्हणजे डच शब्दाने इंग्रजी अर्थ ‘बिघडवला’ असं आपण म्हणतो, तेव्हा आरोपी आणि फिर्यादी यांची अदलाबदल झालेली असते. इंग्रजी हीच मोजपट्टी, ही सवय आपण हिंदुस्थानातून घेऊन आलो आहोत. युरोपात ती जागोजागी कमी पडते.

आता मराठीकडे बघा. ‘हाल्फ द्री’ने इंग्रज गोंधळतो, आपण का गोंधळावं? आपला ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. डच माणूस शब्दशः तेच म्हणतो आहे. दीड तासाला डचमध्ये ‘आंदरहाल्फ’ असा एकच सुटसुटीत शब्द आहे. आपल्याकडे ‘दीड’ आहे, इंग्रजीला मात्र ‘एक आणि अर्धा’ असं लांबण लावावं लागतं. पंचविसाला डच माणूस ‘पाच-आणि-वीस’ म्हणतो. इंग्रजीत विचार करणारा ते ऐकून बावन्न लिहितो. आपण पंचवीस, छत्तीस, सत्तेचाळीस म्हणत वाढलेली माणसं. आपल्याला एकं आधी आणि दहं नंतर हे नवीन नाही. डचच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेव्हा इंग्रजीवरून शिकणाऱ्याचा जीव जातो. ‘कारण मी उद्या उत्रेख्तला जातो’ हे वाक्य डचमध्ये मांडा: शब्दांचा क्रम जवळजवळ मराठीचाच राहतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद डचमध्ये आहे, इंग्रजीत नाही. वाक्याच्या शेपटाला लागणारं ‘तोख’ बहुतेक वेळा आपलं ‘ना’ असतं. इंग्रजी ‘ईव्हन’सारखा लिहिला जाणारा ‘एव्हन’ म्हणजे आपलं साधं ‘जरा’: जरा थांब, जरा येऊन जातो. घशातला ‘ख’ काढायलाही आपल्याला इंग्रजांइतके कष्ट पडत नाहीत. ‘नाम’ म्हणजे नाव, ‘तांत’ म्हणजे दात, हे तर घरचेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: इथे सगळ्यांना इंग्रजी येतं. खरं आहे. ईएफ या शिक्षण कंपनीच्या इंग्रजी प्रावीण्य निर्देशांकात २०१९ पासून २०२४ पर्यंत दर वर्षी नेदरलँड्स पहिलं आलं. पण वरची उदाहरणं पुन्हा पाहा. शिक्षिका, मॅनेजर, नळवाला हे तिघेही इंग्रजीतच बोलत होते. त्यांच्या इंग्रजीच्या आत डच आहे आणि ते ओळखायला डच यावं लागतं. ज्याला आयुष्यभर इथे फक्त इंग्रजीवर निभवायचं आहे, त्यालाही.

दुसरा आक्षेप: आम्ही चार-पाच वर्षांसाठी आलोय, कशाला शिकायचं? पण घराचा करार, करखात्याचा निळा लिफाफा, मुलांची शाळा, डॉक्टरची चिठ्ठी हे सगळं पहिल्याच वर्षात अंगावर येतं, पाचव्या वर्षी नव्हे. थोडे दिवस राहणाऱ्याला चुका निस्तरायला वेळ उलट कमीच मिळतो.

तिसरी तक्रार मला मान्य आहे. आपण डचमध्ये तोंड उघडलं की समोरचा माणूस मोठ्या सौजन्याने इंग्रजीवर येतो. त्यावर उपाय एकच, ‘नेदरलांत्स, खराख’ म्हणायचं, म्हणजे ‘कृपया डचमध्ये’. बहुतेक लोक खूश होतात आणि हळू बोलतात.

म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी अनेक जण डच शिकतात ते इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी ॲपवरून. मराठीतून डच शिकवणारा एक छोटा वर्ग मंडळाने सुरू करावा. शिकवायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही. इथल्या शाळेत जाणारी आपली मोठी मुलंमुली ते उत्तम करतील आणि त्या निमित्ताने त्यांचं मराठीही वापरात राहील. सोबत एक शब्दसंग्रह करावा. त्यात ‘रूम’ आणि ‘बिग’ नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. ज्या शब्दाने तुमची भेट चुकली, पत्राचा अर्थ उलटा लागला किंवा ऑफिसात विनाकारण वाद झाला, तो शब्द त्याच्या मराठी अर्थासह या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. पुढच्या अंकात ती यादी छापता येईल.