भारनियमनाची जात आणि कार्बनचा कोटा



मागच्या मे महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत ऊर्जाबचतीची कार्यशाळा झाली. बायका जमवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीही हजर होते. समाजमंदिरावर पत्र्याचं छत, बाहेर 45 अंश. शहरातून आलेल्या प्रशिक्षक मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होत्या, एसी 24 वर ठेवा, चार्जर प्लगमधून काढून ठेवा, गिझर गरज असेल तेव्हाच लावा. मागून एक मावशी उठल्या. "बाई, आमच्याकडं एकच कूलर हाये. त्यात लाइन जाते ते वेगळंच. आता त्याच्यातलं काय बंद करू?" हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.

मला मात्र हिशेब करावासा वाटला. मावशींच्या घरात पाच माणसं, वापर महिन्याला साधारण 60 युनिट. वर्षाचे 720, म्हणजे माणशी 144 युनिट. देशाची दरडोई सरासरी सुमारे 1,400 युनिट सांगतात. तिच्यात कारखाने, मॉल, मेट्रो सगळं धरलेलं असतं हे खरं. पण ती सगळी वीज मावशींच्या नावावरही मांडली जाते, हेही तितकंच खरं. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या अख्ख्या घराच्या विजेचं वर्षाचं उत्सर्जन 500 किलो. मुंबई ते लंडन जाऊन-येऊन विमानाच्या एका सीटमागे साधारण एक टन होतं. मावशींच्या घराची दोन वर्षांची वीज आणि कुणाची तरी एक सहल, बरोबरीचा सौदा! उपदेश ऐकायला मात्र मावशी.

आता आपल्याच लोकांशी बोलते. चळवळीतले बरेच मित्र म्हणतात, "हे हवामानबिवामान सवर्णांच्या दिवाणखान्यातलं आहे. आपल्या पोरांना शिष्यवृत्ती मिळेना, तू कार्बन काय घेऊन बसलीस?" साथींनो, राग समजतो, पण हे म्हणणं मला पटत नाही. आत्ता वाटणी चालू आहे. जमिनीची वाटणी झाली तेव्हा आपण पंगतीत नव्हतो, पाण्याच्या वाटणीतही नव्हतो. हवेत आणखी किती धूर मावेल आणि तो कुणी सोडायचा, याचीही वाटणी आता सुरू झाली आहे.

2022 साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून 2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, खत, कागद अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कारखान्यांना एक टन मालामागे किती उत्सर्जन चालेल याचं लक्ष्य ठरवून द्यायचं. त्याहून कमी केलं तर प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. जास्त झालं तर दुसऱ्याचं विकत घ्यायचं. ऐकायला छान वाटतं. पण एकूण धुरावर मर्यादा नाही, माल वाढला की धूरही वाढू शकतो. आणि लक्ष्य ठरतं ते त्या कारखान्याच्या आधीच्या धुराच्या पायावर. काल ज्याने जास्त सोडला, त्याची आजची मोजणी तिथूनच सुरू होते. ताब्यात आहे म्हणून मालकी, हा न्याय आपल्याला गावकीपासून पाठ आहे. माणूस, म्हणजे मावशी, या योजनेत कुठेच नाही.

युरोपात 2005 साली असा व्यापार सुरू झाला तेव्हा वीज कंपन्यांना परवाने बहुतांशी फुकट वाटले होते. तरी कंपन्यांनी त्यांची बाजारातली किंमत विजेच्या दरात लावली आणि घबाड कमावलं. आपल्या योजनेच्या पहिल्या यादीत औष्णिक केंद्रं नाहीत. उद्या आली तर बोजा कुणाच्या बिलावर बसेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मागणी कमी करण्याचं म्हणाल, तर महाराष्ट्राने ते करून पाहिलं आहे. त्याचं नाव भारनियमन. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे जास्त तास अंधार, असे महावितरणने गट पाडले होते. कागदावर जात कुठेच नव्हती. पण तारा जुन्या कुठे, मीटर नादुरुस्त कुठे, बिल थकतं कुणाचं? मी बारावीचा अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर केला तो त्याच काळात. आणि 2006 साली पुणे शहराने काय केलं? कारखान्यांची जनरेटरची वीज घेतली, त्यासाठी बिलावर जादा आकार भरला आणि भारनियमनातून सुटका करून घेतली. पुणेकरांवर माझा राग नाही. पण काटकसर ज्याला पैसे मोजून टाळता येते, त्याच्यासाठी ती ऐच्छिक असते. बाकीच्यांवर ती लादली जाते.

दराचंही तेच. 100 युनिटपर्यंत दर कमी, पुढे दुपटीहून जास्त. हेतू चांगला आहे, जास्त वापरेल त्याने जास्त भरावं. आता आमच्या वस्तीत या. एका मीटरवर चार भाडेकरू, प्रत्येकाचे 60 युनिट, एकूण 240. म्हणजे 140 युनिट वरच्या दरात. चारही घरं वेगवेगळी मोजली असती तर एकही युनिट वर गेलं नसतं. घरमालक सरसकट 12 रुपयांनी वसूल करतो, पावती नाही. उलट बंगल्यात खालच्या मजल्याचं मीटर वडिलांच्या नावे, वरचं मुलाच्या. ज्याचं स्वतःचं मीटर आहे त्याला स्थिर आकार 30 युनिटला तोच आणि 290 युनिटला तोच. या सगळ्यावर वर 16 टक्के वीज शुल्क. छतावर सौर पॅनेल लावा, 78,000 रुपयांपर्यंत अनुदान घ्या, म्हणतात. छत कुणाचं आहे ते आधी विचारा.

मग समान वाटणीचा विचार कुणी केलाच नाही का? केला. ब्रिटनमध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी 1996 साली मांडलं की देशाचा कार्बन ठरवून घ्या आणि प्रत्येक प्रौढ माणसाला सारखा कोटा फुकट द्या. कमी लागला त्याने उरलेला विकावा, जास्त लागला त्याने विकत घ्यावा. 2006 मध्ये तिथले पर्यावरणमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी त्यात रस घेतला. 2008 मध्ये सरकारने कल्पना काळाच्या फार पुढची आणि खर्चिक ठरवून बाजूला ठेवली. कारखान्यांचे कोटे त्याच काळात बिनबोभाट चालू होते, हे विशेष.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात एका माणसाला एक मूल्य मान्य करायचं आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारायचं, हा विरोध फार काळ चालणार नाही. हवेच्या बाबतीत हे तत्त्व कोट्यातूनच मांडता येतं. जागतिक परिषदेत भारत दरडोई उत्सर्जनाचा दाखला देतो आणि तो बरोबरच आहे. पण ती सरासरी खाली ठेवतो कोण? ग्रीनपीस इंडियाने 2007 च्या अहवालात दाखवलं होतं की महिना 30,000 च्या वर कमावणाऱ्यांचं उत्सर्जन 3,000 च्या आत कमावणाऱ्यांच्या साडेचार पट आहे. दिल्लीला गरिबाची सरासरी परदेशात चालते, घरात मात्र दरडोई हा शब्द निघत नाही.

तरी फ्लेमिंगची योजना जशीच्या तशी आणा, असं मी म्हणणार नाही. महार वतनं 1958 च्या कायद्याने खालसा झाली, जमिनी आपल्या नावे झाल्या. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, असं बंधनही होतं. तरी त्यातल्या किती आज आपल्याकडे आहेत? तुमच्या आजोबांना विचारा. दवाखान्याच्या एका बिलात माणूस रेशनकार्ड गहाण टाकतो, तो कार्बनचा कोटा सांभाळून ठेवेल? म्हणून पायाचा हिस्सा विकण्याजोगा नको. घरटी किमान युनिट हक्काने आणि फुकट, ते माणसं मोजून, मीटर मोजून नको. त्याच्या वर जो जास्त वापरेल त्याच्यावर चढता आकार, आणि तो पैसा वस्तीच्या तारा, मीटर आणि पत्र्याऐवजी पक्क्या छतांवर.

साधेपणाची शिकवण देणाऱ्यांना एवढंच सांगते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात वीज खातं सांभाळताना बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1943 मध्ये स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. वीज गरिबीच्या फेऱ्यातून माणूस बाहेर काढते म्हणून. आम्हाला अजून ती वीज पोचायची आहे, आणि कोराडीच्या राखेजवळ राहणाऱ्यांना विचारा, ती कोळशाचीच हवी असा आमचा हट्ट नाही. 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा शेतात काय वाहून आलं ते मी पाहिलं आहे.

दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, 2003 च्या वीज कायद्यातच ते आहे. हरकत मराठीत देता येते. सुनावणीला उद्योजकांच्या संघटना फायली घेऊन येतात, आपलं कुणी नसतं. एकाच मीटरवर राहणाऱ्या भाडेकरूंची बिलं मी जमवते आहे. आत्तापर्यंत 41 झाली. तुमच्या वस्तीतली पाठवा, नावं झाकून चालतील, फक्त युनिट आणि घरातली माणसं स्पष्ट लिहा.