फाटकाच्या अलीकडे

एकटीने गाडी चालवत लांब जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण?" मला मात्र लांबच्या रस्त्यावर सोबत नको असते. वाटेल तिथे थांबता येतं, गप्प राहता येतं. पुण्याहून निघून पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला केला आणि दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्गाने नागपूर गाठलं. हा रस्ता वेळ वाचवतो, पण दाखवत काहीच नाही. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला, लाखनी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या दिसू लागल्या. बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले होते. तिथून पुढे प्रवास खरा सुरू झाला.

माझी मैत्रीण नवेगाव बांधजवळ राहते. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. लग्न करून ती गोंदिया जिल्ह्यात गेली, धानाची शेती शिकली आणि तिथलीच झाली. "तुला वाघ बघायचाय ना? मग आधी नागझिऱ्याला जाऊन ये, म्हणजे डोकं मोकळं होईल. मग मी दाखवते ते बघ," असं तिने फोनवरच सांगून ठेवलं होतं.

नागझिरा म्हटलं की माझ्या पिढीला व्यंकटेश माडगूळकर आठवतात. तिथे मुक्काम करून त्यांनी याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला हे जंगल घरबसल्या ओळखीचं करून दिलं. पिटेझरीच्या फाटकातून सकाळी आत शिरलो तेव्हा हात गारठले होते. वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांची टोळी मात्र अगदी जवळून दिसली. तांबूस अंगं, काळी झुपकेदार शेपटी, गोल कान. एक कुत्रा वाटेच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत होता. बाकीचे ऐनाच्या झाडांमधून एकेक करून वाट ओलांडून गेल्यावरच तो हलला. मला तेवढ्याने भरून पावल्यासारखं झालं. सफारीच्या गाडीतले इतर लोक मात्र परतताना हिरमुसले होते आणि मला त्याचं वाईट वाटलं. वाघ दिसला तरच जंगल वसूल झालं, हा हिशेब आपल्याला कुणी शिकवला?

संध्याकाळी मैत्रिणीने मला नवेगावच्या तलावाच्या पाळीवर नेलं. पाणी दूरवर पसरलेलं, भोवती डोंगर. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. गोंड राजांच्या काळापासून या भागात कोहळी समाजाने तलाव बांधले. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं इथे सगळेच सांगतात. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, पाळ घालायची, पाण्याची वाट ठरवायची आणि खालच्या बांध्यांना पाळीपाळीने पाणी द्यायचं, हे सगळं ज्ञान त्यांच्या हातात होतं. भंडारा-गोंदियात असे हजारो लहानमोठे तलाव आणि बोड्या आहेत. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. माजी मालगुजारी तलाव म्हणून कागदोपत्री त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मालकी गेली तशी देखभालही सुटली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले आणि बेशरमाची झुडपं काठाकाठाने आत शिरली.

नवेगावचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं 1975 साली. तलाव त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे ज्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात, ते शेतकऱ्यांनी धानासाठी अडवलेलं पाणी आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. जंगलाइतकीच इथली माणसं त्यांना कळली, कारण त्यांनी माणसांना विचारलं. जून 2025 मध्ये ते गेले. त्यांनी दाखवलेली नजर घेऊन इथे येणारे लोक अजून फार थोडे आहेत आणि ते वाढायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पाळीवरून उतरताना मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या एक बाई भेटल्या. मैत्रिणीच्या ओळखीच्या. या भागात ढीवर स्त्रियांनी तलाव दुरुस्त करायचं काम हाती घेतलंय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम उपटायचा, तळाचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस पडला की देशी पाणवनस्पती लावायच्या. गवत आलं की मासळीला अंडी घालायला आसरा मिळतो, पक्ष्यांना चारा मिळतो. बाईंनी पाण्यात हात घालून एक हिरवी लांबट पात वर काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे असलं की मासोळी येते." पातीला चिकटलेली इवलीशी गोगलगाय मला दिसली. बाईंनी ती पात पुन्हा पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोंदियाकडे, परसवाड्याच्या तलावाकडे गेलो. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ याच जिल्ह्यापुरता उरलाय. कापलेल्या बांधीत जोडी चरत होती, सोबत तपकिरी मानेचं पिल्लू. उभा सारस माणसाच्या उंचीचा असतो. पावसाळ्यात तो उभ्या धानात, पाण्यात घरटं करतो आणि ज्याच्या बांधीत घरटं, त्याचं तेवढं पीक तुडवलं जातं. तरीही ते घरटं राखणारे शेतकरी इथे आहेत. सारसाला कुठल्याही उद्यानाचं कुंपण नाही. त्याला बांधी, बोडी आणि हा शेतकरी लागतो. धानावरची विषारी फवारणी आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा या दोन गोष्टी त्याच्या जिवावर उठल्या आहेत.

नागझिरा आणि नवेगाव 2013च्या अखेरीस एका व्याघ्रप्रकल्पात आले, पण मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. आपण येतो तोच. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ शेतं, रस्ते ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला आणि 2016 मध्ये नाहीसा झाला. पेंचजवळ नागपूर-जबलपूर रस्त्यावर प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा बांधल्या आणि वाघ त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिलंय. जंगल तोडून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर हे झालंच पाहिजे. तोवर "अंधार पडायच्या आत साकोली गाठ आणि हळू चालव," हे मैत्रिणीचं सांगणं मी पाळलं.

निघताना ती म्हणाली, "आता ऑगस्टमध्ये ये. सारसाची घरटी तेव्हाच असतात." ऑगस्टमध्ये दोन्हीकडची फाटकं बंद असतात. मी रजा टाकली आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आण, बांधावर चिखल असतो, एवढं तिने बजावलंय.